तळ्यावरचा रस्ता: कॅनडाच्या उत्तरेत बर्फावरून गाडी कशी न्यावी

नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी असलेल्या यलोनाइफच्या ओल्ड टाउनमध्ये उभं राहिलं की खाडीच्या पलीकडच्या काठावर डेट्टा दिसतं. यलोनाइव्हज डेने या मूळ रहिवाशांचं हे छोटं गाव. उन्हाळ्यात तिथे गाडीने जायचं तर सुमारे २७ किलोमीटरचा वळसा पडतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात कधीतरी सरकारी माणसं खाडीच्या तोंडावरचा अडसर काढतात आणि तेच अंतर साडेसहा किलोमीटरवर येतं, कारण आता तुम्ही थेट गोठलेल्या ग्रेट स्लेव्ह लेकवरून जाता (ही खाडी त्याच तळ्याची). पहिल्या हिवाळ्यात मी त्या उतारावर गाडी थांबवून चांगली दहा मिनिटं नुसता बसून होतो. मागून एक आजीबाई पिकअप घेऊन आल्या, मला हात केला आणि पेन्शन आणायला निघाल्यासारख्या सरळ तळ्यावर उतरल्या.

एडमंटन-कॅलगरीहून नोकरीसाठी उत्तरेला येणारी मराठी मंडळी आता बऱ्यापैकी आहेत. परिचारिका आहेत, हिशेबनीस आहेत, खाणीतले अभियंते आहेत. त्यांच्याकडे मार्चमध्ये आईवडीलही येतात, आणि मग 'त्या बर्फाच्या रस्त्यावर आम्हाला ने' असा हट्ट होतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. बांधलेला, उघडा रस्ता सोडून कुठल्याही गोठलेल्या तळ्यावर गाडी घालायची असेल तर इथेच थांबा, तो विषय वेगळा आणि माझ्या मते वेडेपणाचा.

एक शब्दांची गोष्ट आधी मिटवतो. मराठीत आकाशातून भुरभुरतो तोही बर्फ आणि पाणी गोठून होतो तोही बर्फच. इथे असं बोललं तर घोटाळा होईल, कारण या रस्त्यावर पहिला दुसऱ्याचा शत्रू आहे. म्हणून पडणाऱ्याला हिम म्हणू आणि गोठलेल्या पाण्याला बर्फ.

पायाखाली नेमकं काय आहे

बर्फाचा रस्ता म्हणजे गोठून घट्ट झालेली जमीन, अशी बहुतेकांची समजूत असते. तशी ती नाही. खाली पाणी आहे, कुठे दोन मीटर तर कुठे वीस, आणि त्यावर बर्फाचा एक पत्रा तरंगतो आहे. बर्फ पाण्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी हलका, म्हणून तो तरंगतो. तुमची गाडी त्या पत्र्यावर आहे. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. ती पक्की लक्षात असेल तर एखादा नियम विसरलात तरी तो तुमचा तुम्हाला पुन्हा सुचेल.

सुंभाच्या बाजेवर माणूस बसला की सुंभ जसं खाली जातं, तसा गाडीखाली बर्फ किंचित खोलगट होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण होतो. गाडी चालू लागली की तो खोलगा तिच्याबरोबर चालू लागतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. आता गंमत अशी, की पाण्यातल्या लाटेचा स्वतःचा एक वेग असतो. उथळ पाण्यात तो खोलीवर ठरतो: ढोबळमानाने दोन मीटर खोल पाण्यात ताशी १६ किलोमीटर, पाच मीटरला २५, दहा मीटरला ३६. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग जुळला की काय होतं? झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की तो जसा उंच उंच जातो, तसंच. लाट गाडीखालून सुटत नाही, वाढत जाते, आणि जो बर्फ उभ्या गाडीला सहज पेलत होता तो चालत्या गाडीखाली तडकतो.

हे पुस्तकी ज्ञान नाही. १९४१च्या हिवाळ्यात वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडला लाडोगा सरोवराच्या बर्फावरून धान्य पोचवताना रशियनांना हे फार मोठी किंमत देऊन कळलं. एस्टोनियात मुख्य भूमीपासून हिउमा बेटापर्यंत समुद्र पुरेसा गोठला तर सुमारे २५ किलोमीटरचा अधिकृत बर्फरस्ता उघडतात. तिथे ताशी २५च्या खाली चालवा किंवा ४०च्या वर चालवा, मधला वेग मात्र मनाई, असा चक्क नियम आहे. भारतातून आलेल्या माणसाला 'हळू चालवा' कळतं. 'हळू किंवा जोरात, पण मधलं नको' हे पचायला वेळ लागतो.

किनाऱ्याजवळ मामला आणखी नाजूक होतो. पाणी उथळ, म्हणून घातक वेग आणखी खाली येतो. तुमच्या पुढे धावणारी लाट काठावर आपटून परत फिरते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते. शिवाय पाण्याची पातळी वरखाली झाली की काठाला चिकटलेला बर्फ बिजागरीसारखा वाकतो, तिथे भेगा असतातच. म्हणून चांगला बांधलेला रस्ता काठाला काटकोनात न भिडता तिरका चढवतात, आणि चढावाआधी वेग अगदी कमी करायला लावतात. माझ्या ओळखीचे सगळे जुने चालक तळ्याच्या मध्यावर गप्पा मारतात आणि काठ आला की गप्प होतात.

किती जाडीला किती वजन

१९७१ मध्ये कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या लॉर्न गोल्ड यांनी बर्फ कुठे टिकला आणि कुठे फुटला याच्या नोंदी तपासून एक सुटसुटीत सूत्र मांडलं. जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ४ने गुणा; येईल तितके किलो वजन चालेल. तो ४चा आकडा सावधपणाचा आहे. रोज देखरेख आणि मोजमाप असेल तर अभियंते तो वाढवतात, शंका असेल तर कमी करतात.

२० सेंमी बर्फाला १,६०० किलो. ३० सेंमीला ३,६००. ५० सेंमीला १०,०००. १०० सेंमीला ४०,०००. जाडी दुप्पट झाली की ताकद चौपट होते, हे इथे दिसतं. उलटंही तितकंच खरं: जाडी निम्मी झाली तर ताकद पावच उरते. म्हणून सूत्रात सरासरी जाडी कधीच घालत नाहीत, वाटेतली सगळ्यात कमी जाडी घालतात.

हा आकडा स्वच्छ, निळसर-काळ्या, पारदर्शक बर्फाचा. हिम भिजून गोठलं की पांढरा, दुधी बर्फ होतो. त्यात हवेचे बुडबुडे असतात, त्यामुळे मोजताना त्याची जाडी निम्मीच धरतात. म्हणजे २० सेंमी निळा आणि १० सेंमी पांढरा असेल तर हिशेबात २५च. मार्चएप्रिलमधल्या उन्हाने आतून सुटा झालेला बर्फ जाड असूनही कुचकामी असू शकतो, तिथे हे सूत्र लावायचंच नाही.

लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून चादर ट्रेक केलेली मराठी मंडळी इथे आली की म्हणतात, 'आम्ही चालून आलोय, आम्हाला कळतं.' त्यांना एक फरक सांगावा लागतो. तळ्याचं पाणी शांत असतं, जाडी बरीचशी एकसारखी राहते. वाहती नदी बर्फाला खालून खरवडत राहते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, नाल्याच्या मुखाशी, अरुंद जागी बर्फ हातभर अंतरावर निम्मा होऊ शकतो. मॅकेंझी नदीच्या त्रिभुज प्रदेशात तर हिवाळाभर मोजमाप चालूच असतं.

रस्ता आपोआप होत नाही, करावा लागतो

हे का सांगतोय? कारण हा रस्ता किती मेहनतीचा आहे हे कळलं की फलकावरच्या वजनाच्या आकड्याशी हुज्जत घालावीशी वाटत नाही.

बर्फ किती वाढला याचा अंदाज 'डिग्री-दिवसां'वरून करतात. सरासरी तापमान उणे २५ असलेला एक दिवस म्हणजे २५ डिग्री-दिवस. त्यांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून एका गुणकाने गुणलं की जाडी सेंटिमीटरमध्ये मिळते. हिमाने झाकलेल्या तळ्याला तो गुणक २च्या आसपास असतो, वाऱ्याने झाडून काढलेल्या तळ्याला २.७. फरक किरकोळ वाटतो ना? उणे २५ मध्ये एक मीटर बर्फ व्हायला हिमाखाली १०० दिवस लागतात आणि उघड्यावर साधारण ५५. हिम म्हणजे गोधडी. ती पांघरलेली असेपर्यंत थंडी खाली पोचत नाही.

म्हणून पहिलं काम, बर्फ जेमतेम पेलू लागला की ती गोधडी ओढून काढणं. आधी स्नोमोबिलवर माणसं जातात आणि ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, भोकं पाडून जाडी मोजतात. मग हलकी, पट्ट्यांवर चालणारी आणि पाण्यात पडली तरी तरंगणारी वाहनं हिम दाबत, ढकलत जातात. त्यांच्यामागे जमिनीत डोकावणारं रडार ओढत नेतात, म्हणजे जाडीचा सलग आलेख मिळतो. बर्फ वाढेल तशी यंत्रं जड होत जातात. जिथे जाडी कमी पडते तिथे भोक पाडून पंपाने तळ्याचंच पाणी वर पसरतात आणि थराथराने गोठू देतात. पहिला थर पुरता गोठल्याशिवाय दुसरा घालायचा नाही, नाहीतर मध्ये पाणी अडकतं आणि वरून घट्ट, आतून पोकळ असं फसवं प्रकरण होतं.

रस्ता भलता रुंद असतो. तळ्यावर तो ५० मीटरपर्यंतही साफ करतात, आणि नवखा माणूस विचारतो, एवढं मैदान कशाला? बाजूला ढकललेल्या हिमाचा बांध कित्येक टन वजनाचा होतो. त्याच्या भाराने बर्फ दबतो, त्याच्या उबेने खालचा बर्फ पातळ राहतो, आणि बांधालगत लांबच लांब भेग पडते. रस्ता रुंद ठेवला की ती भेग चाकांपासून लांब राहते. पहिल्या वर्षी उत्तरेचे दिवे (ऑरोरा) पाहायला मी गाडी अगदी कडेला, बांधाला खेटून लावली होती, पुण्यात आपण फुटपाथला खेटून लावतो तशी, शिस्तीत. देखभालीच्या गाडीतल्या माणसाने खिडकी खाली करून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मथितार्थ: कडा ही सगळ्यात वाईट जागा.

ही विद्या रुजवणाऱ्यांत जॉन डेनिसन यांचं नाव पहिलं घेतात. हे माजी पोलिस गृहस्थ. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी यलोनाइफहून उत्तरेकडे, पुढे ग्रेट बेअर लेकवरच्या खाणींपर्यंत, ट्रकांसाठी बर्फावरून वाट काढली. आज त्या घराण्यातला सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे टिबिट ते कॉन्टवॉयटो. १९८२ पासून दर हिवाळ्यात तो नव्याने बांधतात. सुमारे ४०० किलोमीटरचा, त्यातला ८५ टक्क्यांहून अधिक भाग तळ्यांवर, आणि दोन तळ्यांमधल्या जमिनीच्या पट्ट्यांना म्हणतात पोर्टेज. हिऱ्यांच्या खाणींना लागणारं डिझेल, सिमेंट, यंत्रं हे सगळं वर्षाचं सामान आठ-दहा आठवड्यांत यावरून जातं. सुमारे ७० सेंमीला हलके ट्रक सोडतात, १०७ सेंमी झाला की पूर्ण भरलेले. भरलेल्या ट्रकला तळ्यावर ताशी २५ किलोमीटर. चार-चार ट्रकांचे ताफे, दोन ताफ्यांमध्ये साधारण वीस मिनिटं, म्हणजे आधीच्या लाटा शमायला वेळ मिळतो.

कोणता रस्ता निवडावा

पहिल्यांदा जाताय तर डेट्टा, यावर माझं दुमत नाही. छोटा, दोन्ही काठ नजरेत, गाव जवळ, फोन लागतो. आईवडिलांना घेऊन जायला हाच. मार्चमध्ये यलोनाइफच्या खाडीवर हिमाचा किल्ला उभारून उत्सव भरतो तेव्हा आलात तर दोन्ही कामं होतात. दिवाळीत अंगणात किल्ले केलेल्या माणसाला तो पाहून बोलायला बरंच काही सुचेल.

दुसरी पायरी इनुविक ते अकलाविक. मॅकेंझीच्या त्रिभुज प्रदेशातून, नदीच्या फाट्यांवरून जाणारा शंभरावर किलोमीटरचा रस्ता. अकलाविकला बारमाही रस्ता नाही, तेव्हा हिवाळ्यात हीच त्यांची वाट. डिसेंबरात तिथे जाऊ नका: इनुविकला महिनाभर सूर्य उगवतच नाही.

टुक्टोयाक्टुकला जाणारा प्रसिद्ध बर्फरस्ता जुन्या व्हिडिओंत दिसतो. तो आता नाही. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी इनुविक-टुक्टोयाक्टुक बारमाही महामार्ग खुला झाला आणि त्याआधीचा वसंत हा त्या बर्फरस्त्याचा शेवटचा. तरी दरवर्षी कुणीतरी मला त्याची वाट विचारतं.

रिग्लीच्या पुढे तुलिता, नॉर्मन वेल्स, फोर्ट गुड होप अशी गावं जोडणारा मॅकेंझी खोऱ्याचा हिवाळी रस्ता बराचसा जमिनीवरून, मध्ये मध्ये नद्या ओलांडत जातो. तो सहलीचा नाही. दोन गाड्या, अनुभवी सोबती आणि उपग्रहावर चालणारं संपर्कयंत्र नसेल तर विचारही नको. टिबिट ते कॉन्टवॉयटोवर मजा म्हणून जाऊच नये, तिथे साठ टनी टँकर काम करत असतात.

ऑन्टॅरियोच्या दूर उत्तरेत ३,००० किलोमीटरहून अधिक हिवाळी रस्ते आहेत, मॅनिटोबात २,०००हून अधिक. ते मूळ रहिवाशांच्या वस्त्यांचे रस्ते आहेत, बरेचसे त्यांनीच बांधलेले आणि सांभाळलेले. तिथे काम असेल, ओळख असेल, तर त्या वस्तीच्या कार्यालयाला विचारून जावं.

निघण्याआधी

महिना: शक्य असेल तर मार्चचा पहिला पंधरवडा. बर्फ जवळजवळ पूर्ण जाडीला आलेला असतो आणि दिवस दहा-बारा तासांचा असतो. डिसेंबरात यलोनाइफला उजेड पाच तासच.

निघायच्या दिवशी सकाळी नॉर्थवेस्ट टेरिटरीज सरकारचं महामार्ग-स्थितीचं पान बघा. रस्ता उघडा की बंद, आणि वजनाची मर्यादा किती, हे तिथे असतं. मर्यादा हिवाळाभर टप्प्याटप्प्याने वाढत जाते आणि ऊब आली की उतरते. गाडीचं वजन म्हणजे माणसं, सामान, इंधन आणि मागे ओढत असाल तर ट्रेलरसकट सगळं. चार जण आणि भरलेली टाकी असलेली मोठी पिकअप साडेतीन टनांच्या घरात सहज जाते. शिवाय तापमानाचा गेल्या दोनतीन दिवसांचा आलेख बघा. तापमान एका दिवसात वीसेक अंशांनी खाली आलं तर बर्फ आक्रसून तडकतो, ठिसूळ होतो. उलट दोन दिवस शून्याच्या वर गेलं तर तो मऊ पडतो. दोन्ही वेळी एक दिवस थांबलात तर काही बिघडत नाही.

भाड्याची गाडी असेल तर करार वाचा. बर्फरस्त्यावर नेण्याची मनाई बारीक अक्षरात असू शकते, आणि मग विमाही हात वर करतो. काउंटरवरच्या माणसाचं तोंडी 'चालेल हो' पुरेसं नाही.

गाडीचं बघू. बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले हिवाळी टायरच हवेत. बारमाही टायरचं रबर सात अंशांखालीच कडक व्हायला लागतं, उणे ३०ला तर ते लाकूड असतं. इथल्या गाड्यांच्या बॉनेटमधून एक वायर लोंबत असते. नव्या माणसाला ती तुटलेली वाटते. तो ब्लॉक हीटरचा प्लग आहे: उणे वीसखाली गाडी सुरू करण्याआधी तीन-चार तास तो भिंतीत लावायचा. काच धुण्याचं पाणी उणे ४०ला न गोठणारं घ्या (उणे ४०ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच, तेवढा एक हिशेब वाचतो). टाकी पूर्ण भरा. अडकलात तर इंजिन म्हणजेच शेगडी.

सामान: उणे ३०ची स्लीपिंग बॅग माणशी एक, फावडं, ओढायची दोरी, जंपर केबल, डोक्याला लावायचा दिवा, खाणं, पाणी थर्मासमध्ये. चिवडा-लाडू उत्तम, ते गोठून दगड होत नाहीत, केळी होतात. प्रत्येकाच्या गळ्यात बर्फटोकण्या, म्हणजे दोरीने जोडलेल्या दोन मुठी आणि त्यांना टोकदार खिळे. त्या का, ते पुढे येईल. कुठे चाललोय आणि किती वाजता परत येऊ हे एका शहाण्या माणसाला सांगून निघा.

बर्फावर

उतारावर थांबा, फलक वाचा. वजन, वेग, दोन गाड्यांतलं अंतर. आजचा आकडा कालच्याहून वेगळा असू शकतो. सीटबेल्टबद्दल लोक इथे वाद घालतात. एस्टोनियाच्या रस्त्यावर तो न लावणं हाच नियम आहे. कॅनडातला सार्वजनिक बर्फरस्ता हा महामार्ग धरला जातो, तेव्हा फलकावर वेगळं काही नसेल तर महामार्गाचे नियम पाळा. माझ्या मते देखभाल असलेल्या रस्त्यावर बुडण्यापेक्षा घसरून धडकण्याचा धोका मोठा.

काठावरून उतरताना चालण्याच्या वेगाने. मग मध्यभाग धरा. ब्रेक जवळजवळ विसरा. ऍक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्या. वाऱ्याने घासलेल्या, आरशासारख्या बर्फावर ब्रेक दाबला की गाडी तुमची राहत नाही. स्टिअरिंग सावकाश. पुढच्या गाडीपासून लांब राहा, तिच्या मागे लागलात तर दोघांचे खोलगे एकत्र होतात. समोरून जड ट्रक आला तर वेग कमी करा, त्याला वाट द्या. त्याच्या मागे उठलेल्या हिमधुळीत अर्धा मिनिट काही दिसत नाही, आणि त्या अर्ध्या मिनिटात दुसरा ट्रक असू शकतो.

आवाज येतील. तोफेसारखा धडाम, लांबवर ताणलेल्या तारेसारखा टँव्, कधी पायाखालून फटाक्यासारखा. तापमान बदलतं तसा बर्फ फुगतो-आक्रसतो, त्याचे हे आवाज. आईने दरवाजाचं हँडल पकडलं तरी गाडी थांबवू नका. आवाजापेक्षा पाणी बघा. कोरडी, केसासारखी भेग रोजची आहे. ओली भेग, जिच्यातून पाणी वर येतंय, ती खालपर्यंत गेलेली. ओल्या भेगा एकमेकींना छेदताना दिसल्या तर पुढे जायचं नाही, मागे फिरायचं आणि कळवायचं.

थांबण्याबद्दल. चालत्या भाराला बर्फ लवचिक असतो, पण उभ्या भाराखाली तो हळूहळू, लाखेसारखा खाली बसत राहतो. फोटोसाठी पाच मिनिटं ठीक, तीही मध्यभागी, दिवे लावून, इतर गाड्यांपासून दूर. दोन तास गाडी उभी करायची असेल तर ती काठावर. चाकांभोवती पाणी दिसलं तर फोटो राहू द्या.

हिमाखाली लपलेलं पाणी, ज्याला इथे ओव्हरफ्लो म्हणतात, हे रस्ता सोडणाऱ्यांचं खास बक्षीस. हिमाच्या भाराने बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाच्या गोधडीखाली न गोठता राहतं. वरून पांढरं शुभ्र मैदान, आत गुडघाभर चिखल. बुडत नाही माणूस, पण उणे तीसमध्ये भिजलेले बूट पुरेसे आहेत. म्हणून साफ केलेल्या पट्ट्याबाहेर चाक घालू नका.

गाडी खाली गेलीच तर

देखभाल असलेल्या, उघड्या रस्त्यावर, मर्यादेत राहणाऱ्या मोटारीच्या बाबतीत हे फार दुर्मीळ. तरीही क्रम पाठ असावा, कारण तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

गाडी काही क्षण तरंगते, साधारण मिनिटभर. तेवढंच भांडवल. फोन करू नका. सीटबेल्ट काढा, खिडक्या उघडा, मुलांना आधी बाहेर ढकला, मग तुम्ही. दरवाजाचा नाद सोडा: बाहेरच्या पाण्याचा दाब तो उघडू देत नाही, आणि उघडला तर गाडी क्षणात भरते. खिडकी चालली नाही तर बाजूची काच फोडा, पुढची नाही. अलीकडच्या काही गाड्यांत बाजूच्या काचाही थराच्या असतात आणि छोट्या हातोडीला दाद देत नाहीत; आपल्या गाडीत कोणती काच आहे ते आजच बघून ठेवा.

थंड पाण्यात काय होतं यावर मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गिझब्रेख्ट यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून अभ्यास केला. त्यांचा १-१०-१ लक्षात ठेवा. पहिलं मिनिट धाप आवरण्याचं, पोहायचा प्रयत्न नको, डोकं वर ठेवा. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, त्यात बाहेर पडायचं. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो, म्हणजे 'मिनिटाभरात मेलो' असं मानून हातपाय गाळू नका. ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, तिथला बर्फ तुम्हाला पेलत होता. बर्फटोकण्या रोवा, पाय मागे आडवे करून जोराने मारा, पोटावर सरकत वर या. उभे राहू नका. लोळत लांब जा.

हंगाम आखडतोय

२००६च्या उबदार हिवाळ्यात टिबिट-कॉन्टवॉयटो लवकर बंद करावा लागला आणि उरलेलं डिझेल-सामान विमानांनी, अफाट खर्चाने न्यावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यावरून जवळजवळ ११ हजार खेपा गेल्या, इतकं काम तुंबलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर ऑन्टॅरियोतल्या निश्नॉबे अस्की नेशन या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांच्या संघटनेने हिवाळी रस्ते तयार होत नाहीत म्हणून आणीबाणी जाहीर केली. तिथे प्रश्न सहलीचा नसतो. घरबांधणीचं लाकूड, डिझेल, स्वस्त किराणा या रस्त्याने येतो. रस्ता दोन आठवडे उशिरा उघडला तर एखाद्या कुटुंबाचं घर एक वर्ष लांबतं. म्हणून काही ठिकाणी बारमाही रस्ते होताहेत: व्हाटी या गावाचा २०२१ मध्ये झाला, 'शोल लेक ४०' या वस्तीचा २०१९ मध्ये.

तुमच्या बेताच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की विमानाची तिकिटं रस्त्याच्या भरवशावर काढू नका. डेट्टाचा रस्ताही एप्रिलच्या मध्याला, कधी त्याआधीच, एका सकाळी बंद होतो. अडसर लागला की लागला. शेजारून कुणाच्या चाकांच्या खुणा पलीकडे जाताना दिसल्या तरी आपण इंग्रहॅम ट्रेलच्या जमिनीवरच्या रस्त्याने, २७ किलोमीटरचा वळसा घेऊन जायचं.

परत आल्यावर गाडी तशीच लावून चहाला पळू नका. चाकांच्या कमानीत हिमाचे ढेकूळ जमलेले असतात. रात्रभरात ते दगड होतात आणि सकाळी स्टिअरिंग अर्धंच वळतं. बुटाच्या टाचेने ते पाडून टाका, वायपर काचेपासून उचलून ठेवा, ब्लॉक हीटरचा प्लग लावा. आणि ज्या माणसाला सांगून निघाला होतात त्याला फोन करा, तो जागा असतो.